शाळेचे पहिले दिवस: मे महिन्यापासून आषाढीच्या दिंडीपर्यंत

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी थोड्या उशिरा. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिललाच सुरू होतं. तारीख कुठलीही असो, पहिल्या दिवशी बालवर्गाच्या दारातला आवाज एकच. बालवर्गाची बाई म्हणून मी तो दर वर्षी ऐकते, आणि पालकांचा प्रश्नही दर वर्षी तोच असतो: "बाई, हा रडायचा कधी थांबेल?"

रडं थांबवण्याच्या मागे लागू नका, हे माझं पहिलं सांगणं. तीन वर्षांच्या मुलाला शाळेची भीती कुठून असणार? शाळा म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं. त्याचे प्रश्न साधे असतात. आई गेली, ती परत येणार का? येणार तर कधी? आणि तोवर शू लागली, तहान लागली, कुणी ढकललं, तर सांगायचं कुणाला? या तिन्हींची उत्तरं त्याला मिळाली की रडं आपसूक ओसरतं. ती त्याला तोंडी सांगून पटत नाहीत, रोज तसंच घडताना दिसावं लागतं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी वयाचा हिशेब

महाराष्ट्रात नर्सरीसाठी 31 डिसेंबरला 3 वर्षं पूर्ण आणि पहिलीसाठी त्याच तारखेला 6 वर्षं पूर्ण, असं धरतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये नर्सरीत येतं तेव्हा ते जेमतेम अडीच वर्षांचं असतं. त्याच्या शेजारी बसलेलं जानेवारीतलं मूल साडेतीनला टेकलेलं. या वयात वर्षभराचा फरक फार मोठा. एक जण "मला पाणी पाहिजे" म्हणतो, दुसरा नुसता बाटलीकडे बघत राहतो.

तुमचं मूल डिसेंबरातलं असेल आणि घरी सांभाळणारं कुणी असेल, तर वर्षभर थांबायला माझ्या मते काही हरकत नाही. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी जायला लागली, हे काही कारण नव्हे. घरात नुकतंच दुसरं बाळ आलं असेल तर शाळा थोडी पुढेमागे करता येते का तेही बघा. "बाळ घरी राहतं आणि मला तेवढं बाहेर काढतात" असा अर्थ मोठं भावंड हमखास काढतं. तारीख हलवता येत नसेल तर निदान शाळेतून आल्यावर अर्धा तास आई फक्त त्याची, बाळ आजीकडे, एवढं ठरवून टाका.

मे महिन्यात करायची कामं

सगळ्यात आधी धमक्या बंद. "थांब, शाळा सुरू होऊ दे, मग बाई बघतील तुझ्याकडे." सुट्टीत आजोळी गेलं की मामापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे हे गमतीने म्हणतात. मूल हसत नाही, ते ऐकून ठेवतं. मग जूनमध्ये माझ्यासमोर जे येतं ते शिक्षा भोगायला आल्यासारखंच येतं. नातेवाइकांना स्पष्ट सांगा, वाईट वाटलं तर वाटू दे. उलट टोकही नको. "शाळेत खूप मज्जा असते, रोज खेळायचं" असं महिनाभर ऐकलेलं मूल पहिल्या दिवशी पंचवीस रडकी तोंडं बघतं आणि फसवल्यासारखं होतं. "तिथे बाई असतात, गाणी म्हणतात, डबा खातात, मग आई न्यायला येते" एवढं पुरे.

शाळा एकदा दाखवून आणा. जिल्हा परिषदेच्या शाळांत 2022 पासून पहिलीच्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. मुलं आईसोबत येतात, खेळ खेळतात, शाळा बघून जातात. तुमच्या शाळेत असा मेळावा नसेल तर फोन करून विचारा. दाखवायचं काय? गेट, वर्ग, पाण्याची जागा आणि संडास. रंगवलेल्या भिंती दाखवायची गरज नाही, त्या त्याला आपोआप दिसतात.

सोडून जाण्याचा सराव करा. ज्यांची मुलं पाळणाघरात राहिलेली आहेत त्यांचं हे काम झालेलं असतं. बाकीच्यांनी मुलाला मावशीकडे, आत्याकडे, शेजारी थोडा वेळ ठेवावं. आधी अर्धा तास, मग एक, मग दोन. जाताना सांगून जायचं, "पोहे खाऊन होतील तेव्हा मी येते," आणि पोहे संपायच्या सुमारास खरंच यायचं. लहान मुलाला साडेबारा वाजता म्हणजे कधी ते कळत नाही, पण "डबा, मग गाणी, मग आई" हा क्रम पक्का कळतो. शाळेच्या वेळापत्रकात घरी जायच्या आधी काय असतं ते बाईंना विचारून ठेवा. तेच तुमचं घड्याळ.

त्याचं खरं नाव त्याला ओळखू द्या. हे वाचून हसू येईल, पण दर वर्षी एक-दोन मुलं हजेरीला हूं की चूं करत नाहीत, कारण घरात ती सोनू, पिल्लू, दादू असतात. कागदावरचं नाव त्यांनी बारशानंतर ऐकलेलंच नसतं. दिवसातून चार वेळा त्या नावाने हाक मारा.

जेवण मोबाइलशिवाय आणि स्वतःच्या हाताने. शाळेत कार्टून लावून भरवणारं कुणी नसतं. डबा उघडा राहिला आणि मूल माझ्या तोंडाकडे बघत बसलं, हे फार पाहिलंय. पहिले काही आठवडे वरणभात नको. पोळीचा लाडू, तूपसाखरेची गुंडाळलेली पोळी, थालीपिठाचे तुकडे, इडली असं हातात धरून खाता येईल ते द्या, आणि थोडंच द्या. डबा संपलेला बघून त्यालाही बरं वाटतं. नवीन डबा घेताना दुकानात मुलाच्या हातात द्या आणि उघडायला सांगा. क्लिपचे छान छान डबे मोठ्यांनाही उघडत नाहीत.

झोप. या वयाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची धरून. शासनाने 2024 साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं असलं, तरी तुमच्या शाळेची वेळ काय आणि व्हॅन किती वाजता येते ते बघा. सुट्टीत आयपीएल बघत अकराला झोपलेलं मूल जूनमध्ये एका रात्रीत नऊला झोपत नाही. शेवटचे दोन आठवडे रोज थोडं थोडं अलीकडे आणा. अपुऱ्या झोपेचं रडं आणि घाबरल्याचं रडं गेटवर सारखंच दिसतं.

शूशीचा विषय, मोकळेपणाने

पालक याबद्दल विचारत नाहीत, आणि पहिल्या महिन्यातल्या निम्म्या अडचणी इथेच असतात. घरी कमोड असलेल्या मुलाने भारतीय पद्धतीचं भांडं पाहिलेलंच नसतं. उकिडवं बसता येत नाही, बसलं तर तोल जातो, मग ते दिवसभर शू धरून ठेवतं. गावाकडच्या मुलाचं उलट, त्याला कमोडवर पाय लोंबकळल्यावर होतच नाही. फ्लशच्या आवाजाला घाबरणारी वेगळी. शाळेत कुठल्या प्रकारचं आहे ते बघून या आणि आजीकडे, देवळाच्या आवारात, एसटी स्टँडवर, जिथे मिळेल तिथे तशा जागी बसायची सवय करा.

कपडा एका ओढीत खाली येणारा हवा. गणवेशाच्या चड्डीला हुक आणि पट्टा असेल तर शिंप्याकडून कमरेला इलॅस्टिक लावून घ्या. शाळा सहसा नाही म्हणत नाही. कडी लावायची नाही हेही शिकवा. आत अडकलेलं मूल पुढे महिनाभर त्या दाराजवळ जात नाही.

मग शब्द. घरी "शू आली" म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजी माध्यमात बाई "वॉशरूम?" विचारतात आणि ते मान हलवून नाही म्हणतं. दोन मिनिटांनी चड्डी ओली. शाळेत कुठला शब्द चालतो तो विचारा आणि घरी तोच वापरायला लागा. त्याहून सोपं म्हणजे तुमच्या घरातला शब्द बाईंना सांगून ठेवा. वारली, कोरकू, पावरी बोलणाऱ्या घरांतून मूल मराठी शाळेत येतं तेव्हा अडचण हीच असते, फक्त ती प्रत्येक शब्दाला असते. तिथल्या चांगल्या बाई पहिल्या आठवड्यात पाणी, भूक, शू, दुखतंय एवढे शब्द आपणच मुलाच्या बोलीत शिकून घेतात.

दप्तरात जादा चड्डी आणि एक रिकामी पिशवी कायम ठेवा. पावसाळा आहे, मोज्यांची जोडीही. चड्डी ओली झाली तर घरी त्याची बातमी करू नका.

शाळेला हे विचारा

संडासात कोण नेतं? मावशी असतात की मुलं एकटी जातात? दाराजवळ कुणी उभं असतं का? हा प्रश्न विचारायला लाजू नका, आणि त्यावर शाळा चिडली तर ती चीड लक्षात ठेवा. मुलालाही साध्या शब्दांत सांगा: चड्डीच्या आतल्या जागेला स्वच्छ करण्यापुरताच कुणी हात लावतं, बाकी कुणी लावला तर घरी येऊन सांगायचं, घरी कुणी रागावणार नाही.

मुलाला न्यायला कोण येणार हे शाळा कसं तपासते? ओळखपत्र, सही, फोन, जे असेल ते. व्हॅन किंवा रिक्षा लावायची असेल तर पहिले पंधरा दिवस तरी थांबा. शाळा नवी, बाई नव्या आणि त्यात रिक्षावाले काकाही नवे, एवढं एकदम नको. काकांशी ओळख आधी घराच्या दारात करून द्या.

तिसरा प्रश्न, पहिल्या आठवड्यात आईला किंवा बाबांना वर्गात बसू देतात का? बऱ्याच शाळा नाही म्हणतात, आणि मला ते पटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं शाळेत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आजची अंगणवाडी तिथूनच आली. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठी मुलं घरी राहत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. इतका विचार त्या काळी झाला असेल, तर आज चार दिवस कोपऱ्यात एक आई बसल्याने शाळेचं काय बिघडतं?

बसू दिलं तर बसायचं कसं हेही सांगते. भिंतीला टेकून, हातात काहीतरी काम घेऊन. मूल आलं तर जवळ घ्या, पण तुम्ही त्याला बोलावू नका, त्याच्या वतीने बाईंना उत्तरं देऊ नका. दुसऱ्या दिवशी दाराजवळ, मग व्हरांड्यात, मग गेटपर्यंत. प्रत्येक वेळी सांगून सरका.

पहिल्या दिवसाची सकाळ

गणवेश नवा करकरीत नसावा. दोनदा धुवून, घरी घालून झालेला असावा. बुटांचंही तेच, आणि नाडीऐवजी वेल्क्रो. रेनकोट घरी घालून काढून झालेला असू द्या, कारण पहिल्याच दिवशी टोपी डोळ्यांवर आली की काही मुलं तिथेच बसकण मारतात. औक्षण, फोटो, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल हे सगळं करायचं तर करा, पण घरातून निघायच्या अर्धा तास आधी आटपा. गेटवर फोटोसाठी थांबवलेलं मूल आत जाता जात नाही.

सोडायला एकच माणूस जावं, आणि तेही ज्याला स्वतःला रडू येणार नाही असं. आईचा गळा दाटत असेल तर बाबांनी किंवा काकांनी जावं. काही घरांत आजीच मुलाच्या आधी रडते, तिने पहिला आठवडा घरीच थांबावं. निदान पहिले दोन आठवडे तरी तोच माणूस, तीच वाट.

गेटवरचा निरोप

उकिडवं बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला या. तीनच गोष्टी सांगा. मी कामाला जातेय. तुझ्यासोबत बाई आहेत. गाणी झाली की मी इथेच, या पिवळ्या खांबाजवळ उभी असेन. मग मिठी, टाटा, आणि चालायला लागा. सगळं मिळून एक मिनिट. "रडायचं नाही हं" हे वाक्य गाळा, त्याने रडायची आठवण होते. "हो, तुला रडू येतंय, मला कळतंय, मी न्यायला येणार" म्हणा.

मूल बिलगलं तर तुम्ही स्वतः ते बाईंच्या हातात द्या. बाईंना ओढून घ्यायला लावू नका. पालक हात सैल करत नाहीत आणि तोंडाने "जा बाळा, जा" म्हणतात, अशा वेळी मला मूल खेचावं लागतं आणि त्याच्या लेखी मी पहिल्याच मिनिटाला आईपासून तोडणारी ठरते. पुढचे चार दिवस ते निस्तरण्यात जातात.

नजर चुकवून पळू नका. "पाणी आणते", "मी इथे बाहेरच बसलेय" हे तर नकोच. त्या दिवशी रडं वाचतं, पण दुसऱ्या दिवशी मूल तुमचा ओढणीचा शेव सोडत नाही आणि घरीही बाथरूमच्या दाराशी येऊन उभं राहतं. तुम्ही केव्हाही नाहीशा होऊ शकता, हे त्याला त्या खोटेपणातूनच कळलेलं असतं. रोज चॉकलेटचं आमिषही मी सुचवणार नाही, चौथ्या दिवसापासून त्याची वाटाघाट सुरू होते.

खिडकीतून डोकावू नका. गप्प झालेलं मूल आईचा डोळा खिडकीत दिसताच नव्याने सुरू करतं आणि त्याच्यामागून सगळा वर्ग. चिंता वाटली तर तासाभराने शाळेच्या फोनवर एकदा विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पंचवीस पालकांनी "माझा रडतोय का?" विचारलं तर बाईंनी मूल घ्यायचं की फोन?

आईचा रुमाल, एखादी छोटी बाहुली सोबत न्यायची परवानगी मागा. आमच्याकडे एक मुलगा पाठीवरचं दप्तर काढायलाच तयार नसे. गाण्याला दप्तर, डब्याला दप्तर, मातीत खेळायलाही दप्तर. ते काढलं म्हणजे आपण इथे राहायला आलो, असा त्याचा हिशेब असावा. मावशी म्हणाल्या, काढून ठेवू या. मी म्हटलं, असू दे. एक दिवस घसरगुंडीच्या शिडीवर ते अडकायला लागलं, तेव्हा तो खाली उतरला, दप्तर माझ्या हातात दिलं, "धर" म्हणाला आणि परत वर गेला.

घरी आल्यावर

सांगितलेल्या जागी पाच मिनिटं आधी उभं राहा. पहिल्या आठवड्यात एकदा उशीर झाला तरी गेटवर शेवटी एकटं राहिलेलं मूल ते विसरत नाही.

"काय शिकवलं? डबा संपवलास? रडलास का?" ही उलटतपासणी नको. खायला द्या, थोडं लोळू द्या. दुपारी झोपताना हळूच विचारा, "डबा खाताना शेजारी कोण होतं?" किंवा "आज कुठलं गाणं?" काही मुलं एवढंही सांगत नाहीत, पण संध्याकाळी बाहुल्यांना ओळीत बसवून ओरडतात. ते बघा, सगळं कळतं.

शाळेत शहाण्यासारखं राहिलेलं मूल घरी येऊन पोळी वाकडी तुटली म्हणून धाय मोकलून रडतं. दिवसभर धरून ठेवलेलं असतं ते आपल्या माणसापाशी सुटतं. काही मुलं रात्री पुन्हा अंथरूण ओलं करतात, पुन्हा अंगठा चोखतात. रागावू नका, रुळलं की बहुतेकांचं जातं.

दुसरा आठवडा, सोमवार, सुट्ट्या

पहिला आठवडा न रडता गेला म्हणून पेढे वाटू नका. नवलाई असते. हे रोजचंच आहे असं दुसऱ्या आठवड्यात लक्षात येतं आणि मग काहींचं खरं रडं सुरू होतं. सोमवार सगळ्यांनाच जड. ताप येऊन चार दिवस घरी राहिलं की जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी तोच एका मिनिटाचा निरोप, तोच खांब. "आज राहू दे घरी" असं रडण्याला भिऊन एकदा केलंत, तर दुसऱ्या दिवशी ते दुप्पट जोराने रडेल. घरी ठेवायचं ते ताप, उलटी, जुलाब असेल तर.

आषाढीला शाळेत दिंडी निघते तोवर बरीचशी मुलं रुळलेली असतात. पण विठ्ठल-रुखमाईच्या वेशात, खोट्या मिश्या, ढोलकी आणि पालकांची गर्दी यांत काही जण नव्याने घाबरतात. धोतर सोडून चड्डीवर नाचायचं म्हणालं तर नाचू द्या. गणपतीच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर दोन-तीन दिवस पुन्हा कुरकुर होते, ती धरूनच चाला.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

बाईंना "रडतो का?" असं विचारू नका. "मी गेल्यावर किती वेळ रडतो?" असं विचारा. गेटवर आकांत करून दहा मिनिटांत खेळायला लागणाऱ्या मुलाची काळजी नको. महिना उलटला तरी शाळा सुटेपर्यंत रडत असेल, काही खात-पीत नसेल, दिवसभर शू धरून ठेवत असेल, तर बाईंसोबत नीट बसून बोला. घरी भरपूर बडबडणारं मूल पहिला महिना उलटून गेल्यावरही शाळेत कुणाशीच एक शब्द बोलत नसेल, तर त्याला लाजाळू म्हणून सोडून देऊ नका. फक्त शाळेच्या दिवशी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, हे नाटक समजू नका. पोट खरंच दुखत असतं. आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. एखाद्या ठरावीक माणसाचं किंवा जागेचं नाव काढलं की अंग चोरत असेल, अंगावर न समजणाऱ्या खुणा असतील, तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी विचारपूस करा. अशा वेळी 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

बोलणं, ऐकणं, चालणं यांत काही मागे असल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत तपासणी होते. अंगणवाडी ताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र तिथे पाठवू शकतं. आणि रोज सकाळी गेटवरून परतताना तुमचाच जीव थाऱ्यावर नसेल, ऑफिसात काम सुचत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.